शेअर फोल्डरमधली फाइल सारखी 'लॉक' दाखवते: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

कोल्हापूरकडे शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतलं फाउंड्रीचं ऑफिस असो, उद्यमनगरातलं मशीन शॉप असो की शाहूपुरीतलं सीएचं ऑफिस, मांडणी बहुतेक ठिकाणी सारखीच. कोपऱ्यात एक पीसी किंवा छोटा नॅसचा (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कचा) डबा 'सर्व्हर' म्हणून, त्यावर एक शेअर फोल्डर, आणि पाच-पंधरा मशीनवर तोच फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून मॅप केलेला. तक्रारही सारखीच: फाइल लॉक आहे म्हणतंय. मग कुणीतरी सर्व्हर रीस्टार्ट करतं, काम चालू होतं, आणि आठवड्याभरात पुन्हा तेच.

रीस्टार्टने काम चालू का होतं ते आधी समजून घ्या. कोणती फाइल कुणाकडे उघडी आहे याचा हिशेब सर्व्हर चालू असेपर्यंतच ठेवतो. रीस्टार्ट केला की तो सगळा हिशेब पुसला जातो. त्यात नको असलेलं एक लॉक जातं आणि त्या वेळी खरोखर काम करणाऱ्या बाकी सगळ्यांचीही लॉक जातात. पलीकडच्या टेबलावर कुणी चलन सेव्ह करत असेल तर त्याचा फटका त्याला बसतो. मूळ कारण तसंच राहतं.

लक्षणं

ही तक्रार ऐकायला एक वाटते, पण तिच्यामागे चार-पाच वेगळे बिघाड असतात. नेमकं काय दिसतंय ते घड्याळाच्या वेळेसकट कागदावर लिहा.

एक्सेल फाइल उघडल्या उघडल्या 'लॉक्ड फॉर एडिटिंग' असा निरोप येतो, सोबत कुणाचं तरी नाव, आणि फाइल रीड-ओन्ली उघडते.

किंवा तीस-पस्तीस सेकंद काहीच होत नाही, गोल फिरत राहतो, आणि मग फाइल उघडते नाहीतर नकार येतो.

किंवा फाइल नीट उघडते, पण सेव्ह करताना अडते, आणि फोल्डरमध्ये एक्स्टेन्शन नसलेल्या, आठ अक्षर-आकड्यांच्या नावाच्या फाइली साचत जातात.

किंवा फोल्डरचं नाव बदलता येत नाही, डिलीट होत नाही. 'दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा आहे' असं सांगतं आणि तो प्रोग्रॅम काही सापडत नाही.

किंवा अकाउंट्सचं, स्टॉकचं जुनं सॉफ्टवेअर मध्येच थांबतं. विंडोज अशा वेळी एरर ३२ किंवा ३३ दाखवतं. ३२ म्हणजे पूर्ण फाइलच दुसऱ्याने धरली आहे. ३३ म्हणजे फाइल उघडता आली, पण आतला ठराविक भाग, बहुधा एखादं रेकॉर्ड, दुसऱ्याने लॉक केलंय. हा आकडा नक्की लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडतो.

सर्व्हर नकार कशावरून ठरवतो

फाइल उघडताना प्रत्येक प्रोग्रॅम सर्व्हरला दोन गोष्टी सांगतो: मी काय करणार (वाचणार, लिहिणार, डिलीट करणार), आणि माझं काम चालू असताना इतरांना काय करू द्यायचं. नवी मागणी आली की सर्व्हर ती आधीच्या प्रत्येक मागणीशी दोन्ही बाजूंनी ताडून बघतो. नव्याला जे करायचंय ते जुन्याला चालतं का? आणि जुना जे करतोय ते नव्याला चालतं का? एका बाजूने जरी 'नाही' आलं तरी नवी मागणी फेटाळली जाते. इथे हुद्दा चालत नाही. शेठजींचा पीसी असला तरी आधी आला त्याची फाइल.

एक्सेल फाइल उघडतं ते वाचायला-लिहायला, आणि इतरांना फक्त वाचायची मुभा ठेवून. म्हणून दुसऱ्याला ती रीड-ओन्ली मिळते. यात बिघाड काहीच नाही. मात्र ताडून बघण्याची दुसरी बाजू लोकांच्या लक्षात येत नाही: जो फक्त वाचतोय तोसुद्धा लिहिणाऱ्याला अडवू शकतो. प्रिव्ह्यू, अँटिव्हायरस, बॅकअप हे सगळे नुसते वाचणारेच, आणि निम्मी गूढ लॉक यांच्याच नावावर निघतात.

आता तीस-पस्तीस सेकंदांचा प्रकार. एकटाच माणूस फाइल वापरत असेल तर सर्व्हर त्याच्या मशीनला सवलत देतो की बदल तुझ्याकडेच साठव, प्रत्येक वेळी मला विचारू नकोस. हा ऑपलॉक. एसएमबी म्हणजे विंडोजची फाइल शेअर करण्याची पद्धत, तिच्या २.१ आवृत्तीपासून याला लीज म्हणतात. दुसरा कुणी फाइल मागतो तेव्हा सर्व्हर पहिल्या मशीनला कळवतो की साठवलेलं लिहून टाक आणि सवलत सोड. ते मशीन झोपलेलं, बंद पडलेलं किंवा तुटलेल्या केबलच्या टोकाला असेल तर उत्तर येत नाही. सांबा (लिनक्सवरून विंडोजला फोल्डर शेअर करणारा प्रोग्रॅम) ३० सेकंद वाट बघतो, विंडोज सर्व्हर ३५. त्यानंतर फाइल उघडली काय किंवा नकार आला काय, अर्थ तोच: पलीकडचं मशीन जिवंत नाही. लगेच आलेला नकार आणि थांबून आलेला नकार यांची कारणं वेगळी, तपासणीही वेगळी.

१. निरोपातलं नाव

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. 'लॉक्ड फॉर एडिटिंग'मधलं नाव विंडोजच्या लॉगिनवरून येत नाही. ते ऑफिसच्या सेटिंगमधून येतं: फाइल, ऑप्शन्स, जनरल, युजर नेम. पीसी विकत देणाऱ्याने सगळ्या मशीनवर ऑफिस टाकताना 'ॲडमिन' किंवा कंपनीचं नाव घातलं असेल तर पंधरा मशीनवर तेच नाव, आणि निरोप कुचकामी. कधी कधी दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या नावाने फाइल लॉक दिसते, कारण त्याचा पीसी आता दुसरं कुणी वापरतं. प्रत्येक मशीनवर माणसाचं नाव आणि टेबल लिहा: 'स्टोअर', 'डिस्पॅच', 'क्यूसी लॅब'. एवढं केलं की निम्म्या तक्रारी 'ओ दादा, ती फाइल बंद करा की' या एका हाकेत मिटतात.

२. आपणच तर धरून बसलो नाही ना

एक्सेल बंद पडलं आणि खिडकी गेली, तरी आतली प्रोसेस कधी कधी चालूच राहते. टास्क मॅनेजरमध्ये डिटेल्स टॅबवर एक्सेल दिसतंय का बघा. खिडकी नसलेलं एक्सेल दिसलं तर एंड टास्क करा, पण आधी बाकी सगळ्या एक्सेल फाइली सेव्ह करून बंद करा.

मग फाइल एक्स्प्लोररचा प्रिव्ह्यू पेन. ऑल्ट आणि पी दाबलं की तो उघडतो-मिटतो. तो चालू असताना फाइलवर नुसतं एकदा क्लिक केलं तरी ती सर्व्हरवर उघडली जाते. शेअर फोल्डर वापरणाऱ्या सगळ्या मशीनवर तो बंद ठेवा. फोल्डर डिलीट न होण्यामागे बऱ्याचदा थंब्स डॉट डीबी ही लपलेली फाइल असते. कास्टिंगचे फोटो ठेवलेल्या फोल्डरांत हे हमखास. ग्रुप पॉलिसीत, युजर कॉन्फिगरेशनखाली फाइल एक्स्प्लोररच्या विभागात, थंब्स फाइलींमध्ये थंबनेल साठवणं बंद करण्याचा पर्याय आहे, तो एनेबल करा.

३. मागे राहिलेली ~$ फाइल

एक्सेल आणि वर्ड चालू फाइलच्या शेजारी ~$ ने सुरू होणारी एक लपलेली फाइल करून ठेवतात. त्यात उघडणाऱ्याचं नाव असतं. काम संपलं की ती आपोआप जाते, पण मध्येच लाइट गेली तर राहून जाते. हिडन आयटम्स दाखवायचा पर्याय चालू करा, तिची तारीख-वेळ बघा आणि ती, फक्त तीच, डिलीट करून बघा. झाली तर ती बेवारस होती. 'वापरात आहे' म्हणून नकार आला तर सर्व्हरच्या मते अजून कुणीतरी तिला धरून आहे. पुढच्या तपासणीकडे जा, जबरदस्ती करू नका.

ड्रॉइंगांसाठी ऑटोकॅड हेच काम डीडब्ल्यूएल आणि डीडब्ल्यूएल२ या एक्स्टेन्शनच्या फाइलींनी करतं. ऑटोकॅडमध्ये 'हू-हॅज' कमांड दिली की ड्रॉइंग कुणी, कोणत्या मशीनवर, केव्हा उघडलं ते दिसतं. पॅटर्न शॉप आणि डिझाइन एकाच फोल्डरवर काम करत असतील तर ही कमांड सगळ्यांना शिकवून ठेवा. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅमची अशीच लॉक फाइल असते, पण डेटाबेसच्या बाबतीत हात आखडता घ्या. कारण शेवटी दिलंय.

४. सर्व्हरवरची उघड्या फाइलींची यादी

खरा पुरावा इथे. विंडोज असेल तर कॉम्प्युटर मॅनेजमेंट, शेअर्ड फोल्डर्स, ओपन फाइल्स. ही जागा सापडली नाही तर ॲडमिन म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टवर 'नेट फाइल'. कोणत्या युजरने कोणती फाइल उघडली, लॉक किती, सगळं दिसतं. बाजूच्या सेशन्समध्ये मशीनचं नाव आणि किती वेळ शांत आहे तेही दिसतं. सगळे एकाच युजर नावाने शेअरला लॉगिन होत असतील तर ही यादी अर्धीच उपयोगाची. प्रत्येकाला वेगळा युजर करून द्या.

एक सापळा: ही यादी फक्त नेटवर्कवरून उघडलेल्या फाइलींची असते. आपल्याकडे 'सर्व्हर' म्हणजे बऱ्याचदा अकाउंटंटचाच पीसी. त्यांनी डी ड्राइव्हवरून थेट उघडलेली फाइल यादीत येत नाही, आणि लोक 'यादी रिकामी, तरी लॉक' म्हणून चक्रावतात. त्या पीसीवर रिसोर्स मॉनिटर उघडा, सीपीयू टॅबमधल्या असोसिएटेड हँडल्समध्ये फाइलचं नाव शोधा, कोणता प्रोग्रॅम धरून आहे ते लगेच कळेल.

उलट बाजूही आहे. फाइल बंद केल्यावरही काही सेकंद ती यादीत दिसू शकते, कारण मशीन पुन्हा लागेल म्हणून हँडल, म्हणजे फाइलवरची पकड, थोडा वेळ राखून ठेवतं. दुसऱ्याने मागितली की ते सोडलं जातं, म्हणून त्याच्या मागे लागू नका.

यादीतून फाइल बंद करता येते: राइट क्लिक, क्लोज ओपन फाइल. त्याआधी त्या माणसाला फोन करा. फोन न करता बंद केली तर त्याच्या स्क्रीनवर फाइल उघडीच दिसते, तो टाइप करत राहतो, आणि सेव्ह करताना अडकतो. मशीन बंद आहे किंवा माणूस घरी गेलाय याची खात्री असेल तेव्हाच बंद करा. ते मशीन परत चालू केल्याने जुनं लॉक सुटेलच असं धरू नका. मशीन नवं सेशन घेऊन येतं, जुनं सेशन सर्व्हरच्या हिशेबात तसंच राहू शकतं.

लिनक्सवरचा सांबा असेल तर 'एसएमबीस्टेटस' ही कमांड लॉक दाखवण्याच्या पर्यायासह चालवा. डिनाय मोडच्या रकान्यात 'डिनाय राइट' दिसलं की धरणाऱ्याने इतरांचं लिहिणं रोखलंय. ऑपलॉकचा रकाना आणि वेळही तिथेच. पीआयडी (प्रोसेसचा नंबर) बघून प्रोसेस मारण्याआधी लक्षात घ्या, सांबात एका मशीनच्या जोडणीला एक प्रोसेस असते. ती मारली की त्या मशीनच्या सगळ्याच फाइली बंद होतात.

५. लाइट, झोप आणि केबल

लॉक पुन्हा पुन्हा अडकत असेल तर मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं. सर्व्हर यूपीएसवर, पीसी यूपीएसवर, आणि नेटवर्क स्विच मात्र भिंतीतल्या साध्या प्लगवर: ही जोडणी आपल्याकडे जागोजागी आहे. लाइट गेली की स्विच मरतो, दोन्ही टोकं जिवंत राहतात, पण मधला रस्ता तुटतो. स्विचचा ॲडॅप्टर काही वॅटचा असतो, तो सर्व्हरच्या यूपीएसवर हलवा. खर्च फार तर एका एक्स्टेन्शन बोर्डाचा.

मशीनची झोप बंद करा: पॉवर ऑप्शन्समध्ये प्लग लावलेला असताना स्लीप 'नेव्हर'. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क ॲडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर, वीज वाचवायला हे उपकरण बंद करायची परवानगी देणारी टिक काढा. लॅपटॉपवाल्यांनी जेवायला जाताना झाकण मिटायच्या आधी शेअरवरच्या फाइली बंद करायच्या, ही सवय कुठल्याही सेटिंगपेक्षा जास्त काम करते. केबलचं टोक हलवल्यावर दिवा लुकलुकत असेल तर पॅच केबल बदला किंवा टोक नव्याने क्रिंप करून घ्या.

६. परवानग्या

सेव्ह करताना अडणं आणि आठ अक्षरी फाइली साचणं याचं नेहमीचं कारण हे. एक्सेल आहे त्याच फाइलवर लिहीत नाही. शेजारी तात्पुरती फाइल करतं, तिच्यात सगळं लिहितं, जुनी काढतं आणि नवीला जुनीचं नाव देतं. 'लोकांनी काही डिलीट करू नये' म्हणून डिलीटची परवानगी काढून घेतली असेल तर हा क्रम मध्येच तुटतो. शेअर आणि सिक्युरिटी या दोन्ही टॅबवर मॉडिफाय किंवा चेंज द्या. चुकून डिलीट होण्याची भीती असेल तर त्यावर उपाय बॅकअप. साचलेल्या आठ अक्षरी फाइली लगेच उडवू नका. कॉपी करून पुढे एक्सेलचं एक्स्टेन्शन लावून बघा, कधी कधी शेवटचं काम तिच्यातच सापडतं.

७. ठरलेल्या वेळी होत असेल तर

तुम्ही लिहून ठेवलेल्या वेळा इथे उपयोगी पडतात. रोज दुपारी दीडच्या आसपास फाइली लॉक होत असतील तर त्या वेळी काय चालतं ते टास्क शेड्युलरमध्ये बघा. साध्या कॉपीने होणारा बॅकअप फाइल वाचत असताना लिहिणाऱ्याला अडवू शकतो. तो रात्री लावा किंवा शॅडो कॉपी (उघड्या फाइलीचीही त्या क्षणाची प्रत घेणारी विंडोजची सोय) वापरणारा बॅकअप घ्या. अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅनही रात्री.

सर्व्हरवर गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्ससारखा सिंक प्रोग्रॅम शेअर फोल्डरवरच लावला असेल तर तो काढा. सर्व्हरचं लॉक क्लाउडपर्यंत पोहोचत नाही. घरून कुणी तीच फाइल बदलली की दोन प्रती होतात, आणि दोघांनाही वाटतं आपली खरी. शेअरवरच्या फाइलींची प्रत मशीनवर ठेवणाऱ्या ऑफलाइन फाइल्सचंही तसंच. शेअरच्या कॅशिंग सेटिंगमध्ये 'ऑफलाइन काहीही उपलब्ध नाही' निवडा.

'आणखी कनेक्शन घेता येत नाही' असा निरोप असेल तर विषय लॉकचा नाही. विंडोज १० आणि ११ एका वेळी २० मशीनपर्यंतच जोडणी देतात. त्यापुढे विंडोज सर्व्हर किंवा नॅस लागतो.

८. सर्व्हरची सेटिंग

इथून पुढे आधी सध्याच्या सेटिंगची प्रत काढून ठेवा.

लिनक्सवर शांत पडलेली जोडणी मेली हे कळायला मुळात फार वेळ लागतो. ७,२०० सेकंद वाट, मग ७५ सेकंदांच्या अंतराने ९ हाका, म्हणजे सुमारे २ तास ११ मिनिटं. सकाळी अकराला गेलेल्या मशीनची फाइल एकपर्यंत अडकलेली राहते ती यामुळे. सांबाच्या सॉकेट ऑप्शन्समध्ये कीपअलाइव्ह (याच हाकांचं सेटिंग) चालू ठेवून आयडल १२०, इंटरव्हल १०, काउंट ५ दिलं तर तीन मिनिटांच्या आत निकाल लागतो. डेडटाइमच्या (शांत जोडणी तोडायच्या सांबातल्या मुदतीच्या) भरवशावर राहू नका. तो फाइल उघडी नसलेल्या जोडण्यांनाच लागू होतो.

ॲक्सेस, फॉक्सप्रो अशा जुन्या डेटाबेसना ऑपलॉकचा त्रास होतो. सांबात 'व्हीटो ऑपलॉक फाइल्स'मध्ये फक्त त्या एक्स्टेन्शनची नावं द्या. सरसकट ऑपलॉक बंद केले तर सगळंच मंदावतं. विंडोजवर रजिस्ट्रीतून ऑपलॉक बंद करायचा जुना सल्ला फक्त एसएमबी १ ला लागू आहे, एसएमबी २ पासून त्याचा परिणाम होत नाही. त्यासाठी एसएमबी १ चालू करणं हा तर आत्मघात. मे २०१७ मध्ये फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा वॉनाक्राय पसरला तो त्याच वाटेने. नव्या विंडोज सर्व्हरवर शेअरनिहाय लीजिंग मोड (त्या शेअरवर लीज द्यायची की नाही ते ठरवणारं सेटिंग) मिळतो, तो वापरा.

एकच फोल्डर विंडोजला सांबातून आणि लिनक्स मशीनना एनएफएसमधून (लिनक्सच्या फाइल शेअर करण्याच्या पद्धतीतून) दिला असेल तर सावध. सांबातलं लॉक विंडोजवाल्यांना बंधनकारक असतं. लिनक्सवरचा प्रोग्रॅम लॉक न विचारताच लिहू शकतो, कारण तिथलं लॉक सल्ल्यापुरतं. अशा शेअरवर ऑपलॉक बंद ठेवा, नाहीतर फोल्डर वेगळे करा. एनएफएस ४ चा सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर काही काळ, लिनक्सवर साधारण ९० सेकंद, नवं लॉक देत नाही. आधीच्या धारकांना आपापली लॉक परत मागायला तो वेळ असतो. तेवढं थांबा, पुन्हा रीस्टार्ट करू नका.

इथे थांबा, माणूस बोलवा

टॅली, ॲक्सेस किंवा कुठल्याही अकाउंट्स सॉफ्टवेअरच्या डेटा फोल्डरमधली लॉक फाइल हाताने डिलीट करायची वेळ आली तर थांबा. अर्धवट लिहिलेली एंट्री एक्सेलसारखी रीड-ओन्ली होऊन सुटत नाही, पूर्ण डेटा बिघडवू शकते. सगळ्यांना बाहेर काढा, डेटा फोल्डरची कॉपी घ्या, आणि त्या सॉफ्टवेअरच्या पार्टनरला फोन करा. एरर ३३ वारंवार येत असेल तरी तेच.

सर्व्हरच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डिस्कच्या ७, ११, ५१ किंवा एनटीएफएसच्या ५५ क्रमांकाच्या नोंदी दिसल्या तर प्रश्न लॉकचा नसून हार्ड डिस्कचा आहे. नवं काही लिहू नका, बॅकअप तपासा, हार्डवेअरवाल्याला बोलवा.

आणि फाइलींची एक्स्टेन्शन बदललेली दिसली, प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी दिसली, तर तो रॅन्समवेअर. त्याच मिनिटाला सर्व्हरची आणि संशयित मशीनची नेटवर्क केबल काढा, बॅकअपची डिस्क जोडू नका, काहीही डिलीट करू नका.

येणाऱ्या माणसाला द्यायच्या गोष्टी: लिहून ठेवलेल्या वेळा, एररचे आकडे, नकार लगेच आला की थांबून, ओपन फाइल्सच्या यादीचा फोटो, आणि सर्व्हरवर विंडोज आहे की नॅस.